डाग पॅनलमध्येच आहे

सोमवार, २ फेब्रुवारी

टीव्ही घरात येऊन भिंतीला लागेपर्यंत जमेल तसं लिहायचं ठरवलं आहे. उद्या दुकानदाराने शेंडी लावायचा प्रयत्न केला, तर कोण काय म्हणालं ते हाताशी असावं.

निवृत्त होऊन महिना झाला. निरोपाच्या दिवशी कारखान्यातल्या मंडळींनी जाहीर केलं, की साहेबांना मोठ्यात मोठा टीव्ही द्यायचा, पण निवड साहेबांनीच करायची. "ससाण्यासाठी टीव्ही निवडायची कुणाची छाती आहे? उद्या म्हणेल, लाल रंग विटकरीकडे झुकतोय," असं पॅकिंगवाला म्हणाला आणि सगळे हसले. ससाणा म्हणजे मी. रंगाच्या कारखान्यात जन्म गेला. नमुन्याची पट्टी एका हाताला, नव्या मालाची दुसऱ्या हाताला, आणि मी "चालेल" म्हटल्याशिवाय गाडी सुटायची नाही. माझी एक पद्धत होती: आधी उजवा डोळा झाकून बघायचं, मग डावा झाकून, मग दोन्हींनी. एका डोळ्याची लबाडी दुसऱ्याने पकडायची. हाताखाली आलेल्या प्रत्येकाला मी हे पहिल्या दिवशी घोकून घेतलं.

नव्या मॅनेजरने आठवड्यातून दोन दिवस सल्लागार म्हणून यायला सांगितलंय, २ मार्चपासून. वरवर मी "बघू" म्हणालो. आतून उडी मारायची बाकी होती. ही सकाळी पोस्टात जाते, काउंटरवर बसते, चार माणसांशी भांडून ताजीतवानी होऊन परत येते. मी घरात. दोन खोल्या आणि एक हॉल. माणसाला बुरशी येते अशाने.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

दुकान बघून आलो. अख्खी भिंत टीव्हींनी भरलेली आणि सगळ्यांवर तोच पोपट उडतोय.

विक्रेत्या बाई तिशीच्या, चटपटीत. प्रकार नीट समजावून सांगितले. एलईडीत पडद्याच्या मागे दिवे असतात, ते सतत जळतात, म्हणून काळा रंग पूर्ण काळा होत नाही, गडद राखाडी होतो. ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो आणि स्वतःच विझतो, म्हणून काळा म्हणजे काळाच. पण भर उजेडात ओएलईडी जरा मार खातो, आणि एकच चित्र तासन्‌तास ठेवलं तर त्याची छाप पडद्यावर कायमची बसते.

"म्हणजे डाग?" मी विचारलं.

"हो काका, पण आता फारसं होत नाही तसं."

"याला झालंय की! मधोमध बघा. मळकट."

बाईंनी वाकून पाहिलं. फडक्याने पुसलं. "मला तर काही दिसत नाहीये काका."

तिला कसा दिसणार? कारखान्यातही असंच व्हायचं. मी म्हणायचो पिवळट, बाकीचे म्हणायचे पांढरा, आणि प्रयोगशाळेतून माझाच निकाल यायचा. दिवसभर चालू राहणारा दुकानातला नमुना तो, भाजणारच. नवा मागवतो म्हणाल्या. डोळे आळीपाळीने झाकून बघायचा विचार आला होता, पण भर दुकानात एक डोळा मिटून बाईंकडे बघणं बरं दिसलं नसतं.

येताना चुकीच्या बसमध्ये चढलो. बसचे नंबर हल्ली इतके बारीक का लिहितात कळत नाही.

बुधवार, ११ फेब्रुवारी

ओएलईडी आला. दोन माणसांनी तिसऱ्या मजल्यावर आणला आणि भिंतीला लावून दिला. खोकं टाकायचं नाही, परत करायची वेळ आली तर खोक्याशिवाय घेत नाहीत, असं बजावून गेले. खोकं दिवाणाएवढं आहे. ते सोफ्यामागे उभं केलं, तर सोफा पुढे आला, आणि सोफा पुढे आला तर बाल्कनीच्या दारात जाऊन बसला. आता बाल्कनीत जायचं तर अंग चोरून जावं लागतं. कपडे वाळत घालताना हिची बडबड ऐकण्यासारखी असते.

ओएलईडीला उजेड चालत नाही म्हणून जाड पडदे लावले. काळा रंग मात्र काय दाखवतो! रात्रीच्या आभाळाचं चित्र लावलं तर भिंतच नाहीशी होते.

शनिवार, १४ फेब्रुवारी

डाग आहे.

बातम्या सांगणाऱ्या बाईच्या नाकाच्या जागी मळकट गोळा. हिला बोलावलं. ही म्हणाली, "छान दिसतेय की. कानातलं तेवढं बटबटीत आहे." मी म्हटलं, कानातलं नाही, नाक बघ. ती म्हणाली, नाकाला काय झालंय, तुमच्यापेक्षा सरळ आहे.

दुकानात फोन केला. आजच माणूस पाठवला त्यांनी. त्याने आधी पूर्ण लाल पडदा लावला, मग हिरवा, निळा, पांढरा, राखाडी. राखाडीवर तर डाग स्पष्ट दिसत होता. शेवटी त्याने रेघांची जाळी लावली, तीही मध्यभागी आत ओढल्यासारखी वाकडी. मी बोट ठेवून दाखवलं. तो बोटाकडे बघायचा आणि मग माझ्याकडे.

"साहेब, पॅनल क्लीन आहे."

"तुझं वय काय? चष्मा लावतोस?"

"नाही लावत."

"मग लावून घे," मी म्हणालो. ही चहा घेऊन आली होती, तिने ट्रे आदळलाच.

रविवार, १५ फेब्रुवारी

सकाळी चहा ओतताना कपाच्या बाजूला ओतला. नव्या कपांची तोंडं लहान आहेत.

ही म्हणते, "हल्ली बोलताना माझ्याकडे बघत का नाही? सारखं कानाकडे बघून काय बोलता? इकडे बघा." बघितलं. थकलेली वाटली. चेहरा उतरलेला, जरा पुसटच. पोस्टात काम वाढलंय म्हणते ते खोटं नसावं.

संध्याकाळचं फिरायला जाणं बंद केलंय. जिन्याच्या पायऱ्यांच्या कडा झिजून वाकड्यातिकड्या झाल्या आहेत, सोसायटीला सांगून सांगून थकलो. कुणी पडेल एखाद्या दिवशी.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

दुकानदाराने ओएलईडी बदलून एलईडी द्यायची तयारी दाखवली. मी हो म्हटलं. काळ्या रंगावर पाणी सोडलं, पण एलईडीत ठिपका भाजण्याचा प्रश्नच नाही, म्हणजे डागाचं मूळच गेलं. आज तो आला. जुना उद्या नेतील, परवा नेतील. तोवर हॉलमध्ये दोन टीव्ही आणि दोन खोकी. मुख्य दार अर्धंच उघडतं. शेजारीण डोकावून म्हणाली, "घर बदलताय की काय?" ही म्हणाली, "नाही, घरच बंद करतोय."

पडदे ओढलेले, हवा येत नाही, थर्माकोलचा चुरा पायाला चिकटतो. मॅनेजरचा फोन आला होता, खुर्ची तयार आहे म्हणाला. २ मार्चची मी शाळकरी पोरासारखी वाट बघतोय.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

याच्यातही डाग आहे. त्याच जागी.

म्हणजे पॅनल एकाच कारखान्यातून येतात. बाहेरची कंपनीच्या नावाची पट्टी तेवढी वेगळी. सगळे मिळून आपल्याला बनवताहेत.

रविवार, २२ फेब्रुवारी

दुकानात गेलो. ही नको म्हणत होती तरी बरोबर आली, जिन्यावर माझा दंड धरून. मला राग आला. मी काय म्हातारा झालोय?

अख्ख्या भिंतीवरचे टीव्ही एकेक करून तपासले. सगळ्यांच्या मधोमध तोच डाग. मी तिथेच आवाज चढवला. गिऱ्हाईकं जमली. म्हणालो, सगळा सडका माल ठेवलाय आणि या बाईंनी जाणूनबुजून माझ्या गळ्यात मारला. बाईंच्या मागे त्यांचा मालक येऊन उभा राहिला. बाई म्हणाल्या, "काका, खरंच सांगते, मला नाही दिसत हो." आवाज रडवेला झाला होता त्यांचा. मालकाने त्यांना आत बोलावलं.

बाहेर आल्यावर हिने घराची वाट धरली. मग म्हणाली, "एकदा डोळे दाखवून येऊ या का?"

मी रस्त्यातच थांबलो. म्हटलं, या डोळ्यांवर आपलं घर उभं राहिलं. मुलीचं शिक्षण या डोळ्यांवर झालं. टीव्ही खराब निघाला म्हणून माझे डोळे तपासायचे? ही म्हणाली, बरं बाबा, चला. तिने परत दंड धरला आणि मी झटकला.

मंगळवार, २४ फेब्रुवारी

पुरावा लागेल. राखाडी पडदा लावून मोबाईलवर फोटो काढला. फोटोत डाग स्वच्छ आला आहे. मुलीला पाठवला.

"बाबा, यात काहीच नाहीये. नुसतं राखाडी आहे."

"मध्ये बघ."

"मध्येच बघतेय. बाबा, आई म्हणत होती ते करा ना."

म्हणजे माझ्या पाठीमागे फोनाफोनी चाललीय. मोबाईलवर तिला दिसत नाही, कारण मोबाईलचा पडदाही त्याच जातीचा. पडद्यावर पडद्याचा डाग कसा दिसणार? कागद हवा. कागदात ना दिवे, ना ठिपके. कागद खोटं बोलत नाही, हे मी आयुष्यभर सांगत आलोय.

शुक्रवार, २७ फेब्रुवारी

खाली फोटोवाल्याकडून मोठ्या कागदावर छापून आणलं. दुकानातच बघितलं, आणि डाग होता! कागदावर उतरला होता! मी फोटोवाल्याला म्हटलं, "बघा, आता तरी बघा." तो म्हणाला, "काय बघू? राखाडी कागद आहे." त्याच्याशी वाद घातला नाही. पैसे दिले, भिंतीला हात लावत जिना चढलो. ही कामावर गेलेली. खोक्यांमधून वाट काढून टेबलाशी बसलो.

मागे तारीख घालावी म्हणून कागद उलटा केला.

मागची बाजू कोरी, पांढरी. मधोमध डाग.

पुन्हा सुलटा केला. पुन्हा उलटा. मग टेबलाकडे बघितलं, दाराकडे, छताकडे, स्वतःच्या तळहाताकडे. तळहाताच्या मधल्या रेषा कुणीतरी पुसल्यासारख्या.

उजवा डोळा झाकला. तळहात जवळजवळ पूर्ण दिसला, कुठेतरी एखादी रेष तुटक.

डावा झाकला. मधे भोक. कडेला बोटं आहेत, मनगट आहे, आणि मधे काही नाही.

टीव्ही चांगला आहे. दोन्ही चांगले आहेत.

शनिवार, २८ फेब्रुवारी

हिला सांगितलं नाही. सांगितलं की ते खरं होईल.

ओएलईडी नेला त्यांनी. तरी हॉल मोकळा वाटत नाही.

रविवार, १ मार्च

मॅनेजरचा फोन. "उद्या येताय ना साहेब?" मी हो म्हणालो. तोंडातून गेलंच.

दिवसभर हिशेब करत बसलो. डावा डोळा बराच शाबूत आहे. उजवा नुसता उघडा ठेवायचा, काम डाव्याने करायचं. कुणाच्या बापाला कळणार आहे? आठवड्यातून दोनच तर दिवस. नाहीतर हा हॉल, हे खोकं, हे ओढलेले पडदे, आणि संध्याकाळपर्यंत हिची वाट बघत बसणं.

सोमवार, २ मार्च

कारखान्यात गेलो. रिक्षाने, बसचा नाद केला नाही. सगळे उठून उभे राहिले. पॅकिंगवाला ओरडला, "आला रे ससाणा!" रंगखोलीत मी निवृत्त झालो तेव्हाचाच दिवा, तेच स्टूल. वास नाकात गेला आणि वाटलं, काही झालेलंच नाही.

फिकट निळ्या रंगाच्या दोन पट्ट्या समोर ठेवल्या. गाडी भरून उभी होती, माझ्या शब्दासाठी थांबलेली. मी दोन्ही डोळ्यांनी पाहिलं. मधे मळकट गोळा. डाव्याने पाहिलं. सारखेच वाटले. "चालेल" हा शब्द ओठांवर आला.

आणि सवयीने हात वर गेला. डावा डोळा झाकायला.

तसाच थांबलो. एका डोळ्याची लबाडी दुसऱ्याने पकडायची. माझ्याकडे आता पकडणारा राहिलाच नव्हता. डाव्याने खोटं सांगितलं तर मला ते कधी कळणारही नाही. खोलीत सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, निदान बघत असावेत. चेहरे नीट दिसत नव्हते.

"माझ्या शब्दावर गाडी सोडू नका," मी म्हणालो.

"म्हणजे? रंग चुकलाय का?" मॅनेजरने विचारलं.

"रंगाचं मला माहीत नाही. माझा डोळा गेलाय."

कुणी हसलं नाही. पॅकिंगवाल्याने रिक्षापर्यंत सोडलं. दंड धरला त्याने, आणि मी धरू दिला. रिक्षा सुटल्यावर मात्र मला रडू आवरलं नाही. रिक्षावाल्याने आरशात पाहिलं असेल आणि गाण्याचा आवाज वाढवला, भला माणूस.

घरी न जाता पोस्टात गेलो. काउंटरसमोर रांग होती. रांगेत उभा राहिलो. माझा नंबर आल्यावर ही वर न बघताच म्हणाली, "बोला." मी म्हणालो, "डोळे दाखवायला जाऊ या."

तिने शेजारच्या बाईला काउंटर सांभाळायला सांगितला आणि पर्स उचलून बाहेर आली. मी सांगितलं होतं तुम्हाला, असं एकदाही म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं वाटलं असतं.

बुधवार, ४ मार्च

डॉक्टरांनी चौकटींचा एक कागद समोर धरला. टीव्हीवाल्याने लावली होती तशीच जाळी. "मधल्या रेघा सरळ आहेत?" मी म्हटलं, नाही. एवढ्या साध्या प्रश्नापायी मी महिनाभर दुकानदाराशी भांडत होतो.

पडदाच खराब आहे म्हणाले. डोळ्याच्या आतला. उजव्यात पाणी झिरपलंय, डाव्यात सुरुवात आहे. डोळ्यात इंजेक्शनं द्यावी लागतील, पुन्हा पुन्हा. गेलंय ते बहुतेक पूर्ण परत येणार नाही, राहिलंय ते राखता येईल. "थोडं आधी आला असता तर," असं ते बोलायला लागले आणि हिच्याकडे बघून थांबले.

हिने विचारलं, "टीव्ही बघितलेला चालेल का?"

मला हसू आलं. डॉक्टर म्हणाले, खुशाल बघा, टीव्हीने काही बिघडत नाही.

सोमवार, ९ मार्च

पहिलं इंजेक्शन झालं. दुखत नाही म्हणतात ते खोटं आहे, पण वाटलं होतं तेवढं नाही.

येताना दुकानात थांबलो. त्या बाई टीव्हीच्या भिंतीपाशी नव्हत्या, मागे मिक्सरच्या रांगेत उभ्या होत्या. मला बघून त्यांनी डबा उचलून आडोसा केला असं ही नंतर म्हणाली. मी मालकाला तिथेच बोलावून घेतलं आणि जेवढ्या आवाजात भांडलो होतो तेवढ्याच आवाजात सांगितलं, की माल चांगला होता, बाई खरं बोलत होत्या, दोष माझ्या डोळ्यात होता. गिऱ्हाईकं पुन्हा जमली.

बाई म्हणाल्या, "काका, जाऊ द्या हो. आता कोणता ठेवताय? बदलून हवाय का?"

मी हिला म्हटलं, तू सांग. ही म्हणाली, "जो खिडकी उघडी ठेवून बघता येईल तो." म्हणजे घरी आहे तोच.

शनिवार, २१ मार्च

आजची नोंद जाड मार्करने लिहितोय. पानावर चारच ओळी मावतात. टीव्ही भिंतीला लागला, तेव्हा ठरल्याप्रमाणे हे शेवटचं.

खोकं आज टाकलं. सोफा मागे गेला, बाल्कनी मोकळी झाली. जाड पडदे हिने ओढून काढले, मी बाजूला उभा राहून दांडी धरली. हॉलमध्ये इतका उजेड आला की मला डोळे मिटावे लागले.

डॉक्टरांनी सांगितलंय, सरळ बघून जे दिसत नाही ते कडेने बघायला शिका. तिरकं बघायचं. कारखान्यात कुणी रंग तिरका बघितला असता तर मी हाकलून दिला असता.

संध्याकाळी दोघं टीव्ही बघत बसलो. बातम्या सांगणाऱ्या बाईचं नाक अजून गायब आहे. ही म्हणाली, "नाक सरळ आहे हो तिचं, माझ्यावर विश्वास ठेवा." मी तिच्याकडे वळलो. सरळ पाहिलं तर तिच्या जागी मळकट गोळा, कडेला केस आणि साडीचा काठ. मी घाबरून मान खाली घातली असणार.

तिने माझी हनुवटी धरली आणि हळूच भिंतीवरच्या घड्याळाकडे वळवली.

"आता घड्याळाकडे बघा," ती म्हणाली. "दिसले का मी?"

दिसली.